काकूचे दोन भोवरे

शाईबाईला राग यायला कारण लागायचं, पण मोठं लागायचं नाही. दौतीचं झाकण कोणी तिरकं लावलं तरी पुरायचं. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर ती एकतीस वर्षं बसत होती. हुद्दा कारकुनाचा, पण कारकूनबाई तिला कोणी म्हटलं नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, पहिल्या पेराशी, शाईचा एक डाग होता. तो तिच्या लग्नाच्या फोटोत नाही आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत आहे. नाव त्यावरूनच पडलं.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात तिने टाकाने काढलेली सव्वीस चित्रं टांगलेली होती. सगळे चेहरे, आणि एकही गोंडस नाही. टाके घातलेला एक बोका, ज्याने त्या दिवशी भेटलेल्या प्रत्येकाचं तोंड लक्षात ठेवलं आहे. एक शेळी, जिला समोरच्या माणसाच्या अकलेबद्दल काडीचाही आदर नाही. एक गाढव, मोठ्या डॉक्टरांच्या मांडीवर लाथ मारल्यानंतर अर्ध्या तासाने काढलेलं. त्याच्या चेहऱ्यावर काम वेळेत उरकल्याचं समाधान आहे. आजारी जनावर घेऊन ताटकळत बसलेली माणसं ही चित्रं बघत आणि आपल्याच नातेवाइकांची नावं घेऊन हसत. डॉक्टर त्या गाढवासमोरून जाताना घड्याळात बघत.

तिची काम करायची रीत ठरलेली होती. जनावर समोर पाहिजे. पेन्सिल नाही. सुरुवात कपाळापासून, कारण चेहऱ्यावरचा सगळा केस तिथून फुटतो आणि खाली वाहत जातो. केस जिकडे वळतो तिकडेच टाक ओढायचा. हाताला सोयीचं नसेल तर कागद फिरवायचा, हात नाही. केसाच्या विरुद्ध टाक रेटला की निब कागदात रुतते आणि शिंतोडा उडतो. "चूक दाखवायला दुसरा माणूस लागत नाही," ती म्हणायची, "कागदच तोंडावर थुंकतो." पांढरा रंग तिच्या टेबलावर कधी आला नाही. पांढरं काढायचं नसतं, सोडायचं असतं. शाईतली चूक खोडता येत नाही, म्हणून तिचा शाईवर विश्वास होता.

घोड्यांच्या फॉर्मवरही हीच शाई चालायची. ज्या घोड्यावर लहान मुलं बसतात, त्याचा दर वर्षी दाखला लागतो असा नियम होता. डॉक्टरांनी दात, खूर आणि डोळे तपासून सही करायची. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर घोड्याच्या डोक्याची आणि चार पायांची नुसती बाह्यरेषा छापलेली असे. त्यात त्या घोड्याच्या खुणा भरायचं काम शाईबाईचं. कपाळावरचा पांढरा टिळा, पायातला पांढरा मोजा, जुना व्रण. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे भोवरे, म्हणजे जिथे केस गोल फिरतो त्या जागा. प्रत्येक भोवऱ्यावर एक फुली. टिळा रंगवता येतो, शेपूट कापता येतं, व्रण नवा करता येतो. भोवरा कोणाच्या बापाला हलवता येत नाही. माणसाला अंगठ्याचा ठसा, तसा घोड्याला भोवरा.

हे ती नव्याने लागलेल्या प्रत्येक कारकुनाला सुनावायची. एकाने मांजराच्या नोंदीत न बघताच "शेपूट सामान्य" लिहिलं होतं आणि मांजराला शेपूटच नव्हतं. त्याला तिने सगळ्या रांगेदेखत विचारलं होतं, "घरी आईला बघून ओळखतोस की रेशनकार्ड वाचून?"

शहराच्या टोकाला एक घोडेस्वारीची शाळा होती. तिचा मॅनेजर एका सकाळी दवाखान्यात आला. बूट इतके स्वच्छ की ते तबेल्याकडे कधी फिरकले नसावेत.

"काकूचं चित्र हवंय. मोठं. शाळेला पंचवीस वर्षं होतायत, हॉलमध्ये लावू."

काकू म्हणजे त्या शाळेची तांबडी घोडी. बारा वर्षांपूर्वी आली तेव्हाच पोक्त होती. शेजारची काकू जशी कोणाचंही पोर कडेवर घेते, तशी ती कोणाचंही पोर पाठीवर घ्यायची, म्हणून मुलांनी ते नाव ठेवलं. पहिल्यांदा बसणाऱ्या मुलाने घाबरून तिची आयाळ उपटली तरी ती उभी राहायची. शाळेच्या फाटकावरच्या पाटीवर तिचं चित्र होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: काकू शेवटपर्यंत इथेच राहील. आईबाप ती पाटी वाचून मुलांची नावं घालत.

"आता वय काय झालं तिचं?" शाईबाईने विचारलं.

"असेल वीसेक. हा फोटो आणलाय बघा, मस्त आलाय."

"फोटोवरून काढायचं तर फोटोच लावा. खिळा एकच लागतो."

"अहो, तुम्हाला कशाला त्रास? तुमचा गुडघा…"

"माझ्या गुडघ्याची चौकशी डॉक्टर करतात. तेही जनावरांचे, पण करतात. गुरुवारी येते. या वर्षीचा फॉर्मही भरायचाय, दोन्ही कामं होतील."

मॅनेजरने खांदे उडवले. त्याच्या लेखी फॉर्म म्हणजे शिक्क्याला लागणारा कागद. दुसऱ्या पानावरच्या फुल्या त्याने कधी पाहिल्याच नसाव्यात. पाहिल्या असत्या तर गुरुवारी फाटकाला कुलूप असतं.

गुरुवारी सकाळी मोतद्दाराने तिच्यासाठी तबेल्यात स्टूल मांडलं. घोड्यांना खरारा करणारा, त्यांचं चारापाणी बघणारा हा माणूस तिला दहा वर्षांपासून ओळखत होता आणि एरवी भरपूर बोलायचा. त्या दिवशी तो दोर धरून उभा राहिला आणि बादलीकडे बघत राहिला.

तांबडी घोडी, कपाळावर टिळा, मागच्या डाव्या पायात मोजा. शाईबाईने मांडीवर पाटी घेतली, कागद लावला, टाक बुडवला. काकू एरवी चित्र काढताना झोप लागल्यासारखी उभी राहायची, खालचा ओठ लोंबायचा. आज तिचा एक कान पुढे, एक मागे. कागदाचा कोपरा वाऱ्याने हलला की डोळ्याचं पांढरं दिसत होतं. डोळ्यांच्या वर म्हाताऱ्या घोड्यांना खळगे पडतात. काकूला कधीच पडले होते. ते आता भरून आले होते.

"खायला चांगलं घालता वाटतं हल्ली," शाईबाई म्हणाली.

मोतद्दाराने बादली पायाने बाजूला सरकवली.

तिने कपाळापासून सुरुवात केली. काकूच्या कपाळाचा रस्ता तिच्या हाताला पाठ होता: टिळ्याच्या डाव्या बाजूला दोन भोवरे, एकाखाली एक, मध्ये अंगठ्याएवढं अंतर. हात सवयीने डावीकडे गेला, टाक गोल फिरला, नजर वर गेली, आणि घोडीच्या कपाळावर तिथे काहीच नव्हतं. केस सरळ खाली जात होता. नजरेपाठोपाठ हाताने वाट बदलली, टाक उलटा गेला, निब रुतली. कागदावर शिंतोडा उडाला.

ती उठली. घोडीच्या कपाळावर अंगठा ठेवला. घोडीने मान झटकली, तरी अंगठा फिरला. एक भोवरा. एकच, आणि टिळ्याच्या उजवीकडे.

"ही कोण आहे?"

"काकू," मोतद्दार म्हणाला.

"परत विचारते. ही कोण आहे?"

"बाई, हळू बोला. बुजते ती."

"काकू कधी बुजली होती रे?"

त्याने दोर खुंटीला बांधला आणि मग बादली पालथी घालून तिच्यावर बसला. "दीड वर्ष झालं. मोठ्या सुट्टीत, मुलं नसताना. गुडघे गेले होते तिचे, दिवसाला एकच मूल जमायचं. ट्रक आला. दुसऱ्या कुठल्या घोड्याला ट्रकमध्ये घालायचं तर आम्ही चार माणसं लागतो. हिला मी नुसतं चल म्हटलं. चढली."

"कुठे नेली?"

"ते मला कोण सांगतंय? म्हाताऱ्या घोडीला नेतात तिथेच नेली असेल. आठवड्याने ही आली. रंग तोच, टिळा तोच. मॅनेजर म्हणाले, नाव तेच ठेवायचं, मुलांना वाईट वाटायला नको."

"मुलांना! केवढी ती काळजी. आणि तू गप्प बसलास."

"बसलो. पण बाई, मी खरारा करतो, कागद तुम्ही करता." तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघून बोलला. "मला वाटलं होतं, फॉर्मच्या वेळी सापडेल. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग फॉर्म आला. त्यावर तुमच्या फुल्या, डॉक्टरांची सही. म्हटलं, म्हणजे यांनाही माहीत आहे. वरच्या लोकांचं ठरलेलं दिसतंय."

शाईबाईने शिंतोडा उडालेला कागद पाटीवरून काढला.

"गेल्या महिन्यात इथे कोणीतरी छत्री उघडली," मोतद्दार पुढे म्हणाला. त्याला आता थांबवत नव्हतं. "हिने उडी मारली. मुलगी पडली, कोपर निखळलं. नऊ वर्षांची पोर. मॅनेजरांनी तिच्या आईला सांगितलं, काकू म्हातारी झाली हो, दिसत नाही तिला नीट."

"काकूवर ढकललं?"

"काकूवरच. दुसरी कोण आहे इथे?"

शाईबाई रिक्षाने दवाखान्यात परतली. वाटेत तिने मॅनेजरला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या छापण्यासारख्या नाहीत. ट्रकवाल्याला घातल्या, घोडा विकणाऱ्या दलालाला घातल्या, मोतद्दाराला तर जाता-येता घातल्या. दप्तराच्या खोलीत जाऊन तिने शाळेची फाइल ओढली, काकूचे अकरा फॉर्म काढले आणि टेबलावर ओळीने मांडले.

पहिल्या नऊ फॉर्मवर दोन फुल्या होत्या, आणि दर वर्षी त्या किंचित वेगळ्या पडलेल्या होत्या. एखादी केसभर वर, एखादी केसभर आत. जिवंत घोडं डोकं हलवतं, माणूस दर वेळी नव्याने बघतो, म्हणून. दहाव्या आणि अकराव्या फॉर्मवरच्या फुल्या नवव्याशी तंतोतंत जुळत होत्या. तिने तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. उजेडात सहा नाही, दोनच फुल्या दिसल्या.

आता तिला तो दिवस आठवला. गुडघा टम्म सुजलेला, टेबलावर चाळीस फॉर्म, महिनाअखेर. काकू काय, दहा वर्षांची ओळख, तिला काय बघायचंय? मागच्या वर्षीचा फॉर्म खाली, कोरा वर, कागद काचेला लावला आणि उतरवलं. दहा मिनिटांत दहा घोडे. सगळेच करतात. एकदा केलं आणि काही बिघडलं नाही, म्हणून दुसऱ्या वर्षीही केलं. त्या दुसऱ्या वर्षी काकू तिथे नव्हती. तिचे दोन भोवरे शाईबाईच्या हाताने दुसऱ्या घोडीच्या कपाळावर चढले, आणि त्याच कपाळाच्या भरवशावर एका आईने नऊ वर्षांची मुलगी वर बसवली.

सकाळपासून तिने ज्यांना ज्यांना शिव्या घातल्या होत्या, त्यांच्यापैकी एकाचीही त्या कागदावर सही नव्हती. तिची होती.

दवाखान्याचे मोठे डॉक्टर ऐकून घेणारे गृहस्थ होते. ऐकून घेतल्यावर ते काही करत नसत, ही त्यांची ख्याती. शाईबाईने फॉर्म त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं, स्वतःचंही.

"हं," डॉक्टर म्हणाले. "या वर्षी घोडी बदलली म्हणून नवा फॉर्म करून टाकू. नवी घोडी, नवं नाव, विषय संपला. मागचं कशाला उकरायचं?"

"मागचं उकरलं नाही तर ती मुलगी काकूमुळे पडली असंच राहतं."

"कोणामुळे तरी पडलीच ना? हात बरा होईल. बाई, तुमच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. चौकशी लागली तर तुमच्यावर येईल, आधी सांगतो. खोटी नोंद म्हणतात त्याला."

"मी पण तेच म्हणते त्याला."

"चिडू नका."

"डॉक्टरसाहेब, एक विचारू? एकोणीस वर्षांच्या घोडीचे दात आणि सहा वर्षांच्या घोडीचे दात यांत फरक असतो ना? मला आपलं कारकुनाला ऐकून माहीत. मागच्या वर्षी तुम्ही दात बघितले होतेत?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही भरून दिलेला फॉर्म होता," ते म्हणाले. "विश्वासाने सही केली."

"मी मागच्या फॉर्मवर विश्वास ठेवला, तुम्ही माझ्यावर. घोडीला कोणी विचारलंच नाही."

"रविवारपर्यंत शांत डोक्याने विचार करा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी दुसरी फाइल उघडली.

रविवारी सकाळी तिचा नवरा खिडकीपाशी बसून तिची निब सरळ करत होता. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दुकान विकलं, पण डोळ्याला लावायचं भिंग तेवढं ठेवलं होतं. रुतलेल्या निबेची दोन टोकं एकमेकांवर चढली होती.

"ही काय कोणाच्या डोळ्यात खुपसलीस का?"

"खुपसायला हवी होती."

"कोणाच्या?"

"माझ्याच."

त्याने भिंग काढलं. गुरुवारपासून घरात भांडी जोरात आपटत होती आणि त्याने कारण विचारलं नव्हतं. संसारात काही गोष्टी विचारून लवकर कळत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. आता तिने सांगितलं, चहा गार होईपर्यंत.

"आम्ही घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतून सुईने खूण करायचो," तो म्हणाला. "आपली खूण आणि तारीख. परत कधी आलं तर कळावं. एकदा एक घड्याळ आलं, मागे पडतंय म्हणून. दुसऱ्या दोघांनी बघून सोडून दिलेलं. उघडलं तर आत माझीच खूण. सहा वर्षांपूर्वी मी एक चाक चुकीचं बसवलं होतं."

"मग? गिऱ्हाइकाला सांगितलंत?"

"नाही. म्हटलं, जुनं झालंय, चालायचंच. तो बिचारा आभार मानून गेला."

"आणि?"

"आणि काय? ते अजून मागे पडत असेल." त्याने निब उजेडात धरून पाहिली. "मला अजून त्या माणसाचं तोंड आठवतं. मी काही सल्ला देत नाहीये हां. सल्ला दिला तर तू उलटंच करशील."

"अहो, आठ महिने राहिलेत."

"मला माहीत आहे किती राहिलेत. मी तर तारखा फुल्या मारून ठेवल्यात." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्याने घाईने भिंग परत डोळ्याला लावलं. तिला त्याही अवस्थेत हसू आलं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग आला.

सोमवारी ती शाळेत गेली. मॅनेजर फाटकाशीच भेटला. मोतद्दाराने त्याला सांगितलं असावं, किंवा डॉक्टरांनी.

"चित्र राहू द्या बाई. आम्ही फोटोच लावू."

"चित्राला नाही आले. फॉर्मला आलेय."

"मागच्या वर्षीचाच आहे की. उतरवून घ्या ना. तुम्हाला सवय आहे."

रस्त्यावरची दोन माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने काहीतरी बोलायची तिची तयारी होती. पण तो बोलला त्यात खोटं काही नव्हतं. ती त्याच्या शेजारून आत गेली.

घोडीसमोर उभं राहून तिने फॉर्म भरला. टिळा, मोजा. टिळ्याच्या उजवीकडे एक फुली. मग शेऱ्याच्या रकान्यात, कारकुनी अक्षरात, लिहिलं: "ही घोडी मागील फॉर्ममधील घोडी नव्हे. मागील दोन वर्षांच्या खुणा मी जनावर न पाहता आधीच्या फॉर्मवरून काचेवर उतरवल्या. गेल्या वर्षीच्या फॉर्मच्या वेळी मूळ घोडी शाळेत नव्हती. गेल्या महिन्यात मुलगी पडली ती या घोडीवरून." खाली सही आणि तारीख. रकाना पुरला नाही, म्हणून शेवटची ओळ कागदाच्या कडेने उभी गेली.

दवाखान्यात आल्यावर तिने तो डॉक्टरांना दाखवला नाही. आधी आवक नोंदवहीत चढवला, त्यावर नंबर टाकला, शिक्का मारला. एकदा नंबर पडला की कागद हरवत नाही. हरवला तर कोणी हरवला हे विचारावं लागतं. एकतीस वर्षांत शिकलेली एवढी एक युक्ती तिने स्वतःविरुद्ध वापरली.

"हे काय लिहिलंय?" डॉक्टरांचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला.

"मराठी आहे."

"फॉर्म बदला."

"आवक नंबर पडलाय."

डॉक्टरांनी त्या नंबरावर बोट घासून पाहिलं. "तुम्ही मला पण बुडवताय."

"तुम्हाला नाही बुडवत. तुमचा रकाना कोरा सोडलाय. जा, तोंड उघडून बघा तिचं. चावली तर चित्र काढून देईन."

डॉक्टर गेले. वयाच्या रकान्यात त्यांनी भिंगाने वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरात लिहिलं: दातांवरून सुमारे सात वर्षे. दाखला नामंजूर.

त्यानंतर जे झालं त्यात न्याय शोधू नये. नव्या घोडीवर मुलं बसवायची बंद झाली. शाळेने आईबापांना कळवलं की जनावरांच्या दवाखान्यातील एका कारकुनाच्या चुकीमुळे गैरसमज झाला होता. फाटकावरची पाटी एका दुपारी पुसली गेली. चित्र राहिलं, ओळ गेली. मॅनेजरला कोणी काही विचारलं नाही. शाईबाईला मेमो आला, खोटी नोंद केल्याबद्दल खुलासा करा. तिने खुलाशात लिहिलं, "केली." डॉक्टर म्हणाले, निदान दोन ओळी तरी लिहा, गुडघ्याचं लिहा. तिने लिहिल्या नाहीत. चौकशी अजून चालू आहे.

काकूचा शोध तिने केला. मोतद्दाराकडून ट्रकवाल्याचा पत्ता काढला, त्याच्या दारात जाऊन भांडली. त्याला घोडी आठवत होती. "ती गरीब होती ती ना?" एवढंच तो सांगू शकला. कुठे उतरवली ते त्याने सांगितलं नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिने पुढे विचारलं नाही. दवाखान्यातल्या लोकांनी तिला गळ घातली की आठवणीतून काकूचं एक चित्र काढा, व्हरांड्यात लावू. ती त्यांच्यावर कडाडली. "समोर नाही तिचं काढायचं? ते एकदा करून झालंय माझं."

चित्र तिने दुसरंच काढलं. आठवडाभर रोज सकाळी शाळेच्या कुंपणाबाहेर स्टूल टाकून. मॅनेजरने हटकलं, तेव्हा म्हणाली, रस्ता तुमचा असेल तर पावती दाखवा. मोतद्दार न सांगता रोज त्या घोडीला कुंपणाशी आणून बांधायचा आणि तिथून निघून जायचा. चित्रातल्या घोडीचा एक कान पुढे आहे, एक मागे. नाकपुड्या ताणलेल्या. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं सोडलेलं आहे, गरजेपेक्षा जास्त नाही. तिला काय हवंय ते कोणी विचारलेलं नाही आणि काय नको ते तिला सांगता येत नाही, असं ते तोंड. खाली शाईत एक ओळ: ही काकू नाही.

ते सत्ताविसावं चित्र तिने गाढवाच्या शेजारी टांगलं. डॉक्टरांनी ते काढायला सांगितलं नाही. ते आता मागच्या दाराने येत.

महिन्याभराने एक बाई दवाखान्यात आली. जनावर बरोबर नव्हतं. नऊएक वर्षांची मुलगी होती, हात गळ्यातल्या पट्टीत. मुलगी त्या चित्रासमोर थांबली.

"आई, हीच ती."

आईने खालची ओळ वाचली. मग टेबलापाशी आली. "ही काकू नाही, तर काकू कुठे आहे?"

शाईबाईने फाइल काढली. अकरा फॉर्म टेबलावर ठेवले, मग त्यातले दोन बाजूला काढले.

"हे नऊ तिचे आहेत," ती म्हणाली. "हे दोन माझे."

बाईने दोन्ही गठ्ठे पाहिले. तिला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तिचा चेहरा तांबडा होत गेला. मुलगी आईचा पदर ओढत होती. शाईबाईने नजर हलवली नाही. तो राग तिच्या ओळखीचा होता, आणि या वेळी तो बरोबर माणसाच्या दारात आला होता.

"तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटते. बसा." तिने खुर्ची पुढे ओढली. "यांच्या नकला मिळतात. शाळेविरुद्ध अर्ज करताना लागतील. माझ्याविरुद्धही करा, नाहीतर पहिला अर्ज कोणी घेणार नाही. आधी नकलेचा अर्ज लिहा."

बाई बसली. पिशवीत पेन शोधू लागली. शाईबाईने दौतीचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि आपला टाक तिच्यापुढे सरकवला.

"दाबून लिहू नका," ती म्हणाली. "निब नवी आहे."